शिवणकोपऱ्याचं सामान: ट्रॉली, भोकांचा बोर्ड, खणांचे डबे आणि मसाल्याचा डबा

शिवण आणि हस्तकलेचं सामान ठेवण्यासाठी बाजारात जे जे मिळतं, त्यातलं निम्मं फोटोत छान दिसावं म्हणून बनवलेलं असतं. खऱ्या उपयोगाच्या वस्तू बऱ्याचदा शिवणासाठी म्हणून विकल्याच जात नाहीत. त्या हार्डवेअरच्या दुकानात, स्टेशनरीवाल्याकडे आणि भांड्यांच्या दुकानात सापडतात. या आढाव्यात दोन्हीकडच्या वस्तू आहेत आणि कसोटी सगळ्यांना एकच लावली आहे: ठेवलेली वस्तू वरून पाहताना दिसते का, आणि तिच्यावरचं काही न उचलता हातात येते का. काळी आठ इंची चेन तीन थरांखाली दबली असेल तर ती घरात असून नसल्यासारखी. मग दुकानातून दुसरी येते, आणि वर्षाअखेर तशा चार निघतात. शिवणाचा पसारा वाढवणारी खरी गोष्ट म्हणजे खोल डबा. उथळ खणात सामान एकाच थरात राहतं, म्हणून तो जिंकतो. बाकी सगळ्या वस्तूंची चिकित्सा याच अंगाने केली आहे.

खरेदीला निघण्याआधी सामान गाळून घ्यावं, नाहीतर मेलेल्या इलास्टिकसाठी नवा डबा घरात येतो. सुती दोऱ्याचा हातभर तुकडा दोन्ही हातांत धरून हळूहळू ताणावा. जोर लावल्यावर तुटला तर ठीक. धरताक्षणी टक् करून तुटला तर तो मशीनला लावू नये. असा दोरा शिवताना सारखा तुटतो आणि दोष नसलेल्या टेन्शनच्या (दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या) चकत्या उगाच फिरवल्या जातात. कच्च्या टाक्याला मात्र तो चालतो, कारण तो नंतर उसवायचाच असतो. इलास्टिक ताणून सोडल्यावर मूळ लांबीवर परत आलं नाही, किंवा ताणताना आतून करकर आवाज आला, तर त्यातलं रबर गेलं. चिकटणाऱ्या बुकरमचा (कॉलर वगैरे ताठ करायच्या कापडाचा) दोन इंची तुकडा टाकाऊ कापडावर इस्त्रीने दाबावा आणि पूर्ण गार झाल्यावरच कोपरा ओढून पाहावा. गरम असताना चांगलं बुकरमही सुटतं. ब्लाउजचे फोमचे पॅड पिवळे पडून बोटाला भुकटी लागत असेल तर ते टाकून द्यावेत. गंजाचा ठिपका आलेल्या टाचण्या आणि हुक यांच्यावर दया दाखवू नये, कारण गंजाचा डाग साध्या धुण्याने निघत नाही आणि तो पडतो नेमका फिकट रेशमावर.

कातरणांचा प्रश्न यापेक्षा अवघड, कारण तिथे मन गुंततं. एक सोपा नियम पाळता येतो: चारही बाजूंनी वीतभर भरेल तो तुकडा ठेवायचा, त्याहून लहान असेल तर गोधडीच्या पिशवीत. पिशवी एकच. ती भरली की गोधडी शिवायला घ्यावी, नाहीतर पिशवी कुणाला तरी देऊन टाकावी. दुसरी पिशवी सुरू झाली की नियम मोडला म्हणून समजा.

नट-बोल्टचं ड्रॉवर-कपाट

या यादीत पहिला नंबर यालाच. प्लास्टिकचा सांगाडा आणि त्यात दीड-दोन इंच उंचीचे पारदर्शक छोटे ड्रॉवर अशी ही वस्तू. गॅरेजवाले आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारे ती स्क्रू आणि सुटे भाग ठेवायला वापरतात. हार्डवेअरच्या बाजारात, म्हणजे मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळीत, विचारावं, ऑनलाइनही मिळतं. शर्टाची बटणं, प्रेस बटणं, हुक, पँटचे हुक, चेनचे रनर, सेफ्टी पिना, लटकन अशा प्रत्येक प्रकाराला एक ड्रॉवर. आठ इंची चेन दोन घड्यांत आरामात बसते. लांब चेन गुंडाळून बसते, पण तिच्यासाठी रुंद ड्रॉवर असलेलं कपाट निवडावं.

घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून पाहावा. मागे अडसर नसेल तर तो एक दिवस बटणांसकट जमिनीवर येणार. दुसरं, सांगाड्याच्या मागे भिंतीला लटकवायची भोकं आहेत का. रिकामं कपाट हलकं असतं आणि वरचे ड्रॉवर भरले की पुढे झुकतं, म्हणून धातूचं सामान खाली, प्लास्टिकची बटणं वर. तिसरी गोष्ट म्हणजे प्लास्टिकचा प्रकार. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. किंचित दुधट दिसतं, वाकतं पण तडकत नाही. ६ असेल तर पॉलिस्टायरीन. काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण पडल्यावर तुकडे होतात. पॉलिस्टायरीनजवळ डांबरगोळ्या तर ठेवूच नयेत. नॅप्थलिनच्या वाफेने ते मऊ पडतं, चिकट होतं, आणि आतली काही प्लास्टिकची बटणंही त्याच वाटेने जातात.

लेबल लिहिण्यापेक्षा ड्रॉवरच्या तोंडावर आतला एक नग दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने चिकटवावा. 'पांढरी बटणं, मध्यम' हे वाचून काहीच कळत नाही. बटण पाहिलं की कळतं.

मसाल्याचा डबा

स्टीलचा, सात वाट्यांचा, आत दुसरं झाकण असलेला. कायमच्या साठ्यासाठी हा नको. गोल डबा चौकोनी खणात कोपरे वाया घालवतो आणि बंद असताना आतलं दिसत नाही. पण चालू कामाचा डबा म्हणून याच्या तोडीचं दुसरं काही नाही. एक ब्लाउज शिवायला बसताना लागणारे हुक, टाचण्या, खडूचा तुकडा, त्याच रंगाच्या दोन बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या फिरक्या), पाइपिंगची दोरी, दोरे कापायची छोटी कात्री असं सगळं एका हाताने उचलून मशीनपाशी नेता येतं. घट्ट झाकणामुळे पावसाळ्यात टाचण्या बऱ्यापैकी कोरड्या राहतात. आत सिलिका जेलची एक पुडी टाकली की आणखी बरं.

वाट्या हलतात ही याची खोड. ड्रॉवरमध्ये अंथरायच्या रबरी जाळीदार चटईचा गोल कापून तळाशी घातला की त्या जागेवर बसतात. आतलं झाकण वाट्यांच्या काठाला टेकतं का तेही दुकानात पाहून घ्यावं. मध्ये फट राहत असेल तर डबा कलंडल्यावर सातही वाट्यांची मिसळ होते. टाचण्यांसाठी खाली लोहचुंबक चिकटवायचा विचार असेल तर आधी चुंबक लावून पाहावा, कारण घरातल्या पुष्कळशा स्टेनलेस स्टीलला तो धरत नाही.

मणी-टिकल्यांच्या खणांच्या डब्या

इथे बाजार भरपूर आणि फसवणूकही भरपूर. सरकवता येणारे पडदे असलेली डबी सोयीची वाटते, पण प्रत्येक पडद्याच्या खाली आणि कडेला बारीक फट असते. अकरा नंबरचे मणी साधारण दोन मिलिमीटरचे, पंधरा नंबरचे दीडच्या आसपास; ते या फटीतून शेजारी जातात. टिकल्या तर चपट्याच असल्यामुळे सहज घसरतात. मणी आणि टिकल्यांसाठी पडदे तळाशी एकजीव असलेलीच डबी घ्यावी. सरकत्या पडद्यांची डबी लेसचे तुकडे, बकलं, मोठी बटणं आणि लोकरीच्या छोट्या गुंड्यांसाठी ठेवावी.

एकजीव डबीचीही एक परीक्षा आहे. दुकानात झाकण बंद करून पडद्यांच्या वरच्या कडेकडे आडवं पाहावं. कडा आणि झाकण यांत उजेड दिसला तर डबी उलटी झाल्यावर सगळे रंग एक होणार. थोडीच फट असेल तर झाकणाच्या आत पातळ फोमचा तुकडा कापून चिकटवला की काम भागतं. जरदोजीचं सामान, म्हणजे स्प्रिंग आणि कोरा-नक्षी या गुंडाळलेल्या बारीक तारा, मात्र अशा डबीतही एकमेकांत अडकतं. ते छोट्या झिपच्या पुड्यांत घालून मग खणात ठेवावा.

एकच अडचणीचा मुद्दा: हे डबे एकावर एक रचता येतात असं प्रत्येक जाहिरात सांगते. रचले की खालचा काढायला वरचे सहा उचलावे लागतात. डबे आडवे न रचता पुस्तकांसारखे उभे ठेवायचे असतील तर झाकण घट्ट असायला हवं आणि फोम हवाच. तसं जमत नसेल तर फळीवर दोनांपेक्षा उंच थर करू नये.

बॉबिन आणि सुया

सिलिकॉनचं गोल कडं, ज्यात बॉबिन दाबून बसवतात, ते दिसायला मजेदार आणि खरंच चांगलं आहे. दोऱ्याचं टोक कड्याच्या भिंतीत दबून राहतं, म्हणून गुंता होत नाही. पण बॉबिन सैल भरलेली असेल तर तिथेही दोरा सुटतो. तो भरण्याचा दोष, कड्याचा नव्हे. पंचवीस खणांची प्लास्टिकची डबी स्वस्त आहे आणि तीही पुरते.

खरी काळजी वेगळी घ्यायची. घरात जुनं काळं मशीन, नवं झिगझॅग मशीन आणि एखादं इंडस्ट्रियल मशीन असेल तर बॉबिनचे प्रकार एका डब्यात कधी मिसळू नयेत. घरगुती बॉबिन साधारण साडेअकरा मिलिमीटर जाड, जुकीसारख्या इंडस्ट्रियल मशीनची सुमारे नऊ. व्यास जवळपास सारखा, त्यामुळे घाईत चुकीची केसमध्ये बसतेही. मग ती आत डुलते, खालचा दोरा कधी सैल कधी घट्ट येतो आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. वरून बॉबिन टाकायच्या मशीनला प्लास्टिकची बॉबिन असेल तर तीच वापरावी. धातूची वजनाला वेगळी पडते. प्रत्येक मशीनला वेगळ्या रंगाची डबी, एवढी शिस्त पुरते.

सुयांचंही तेच. घरगुती मशीनची सुई, पाकिटावर एचए×१ किंवा १३०/७०५ लिहिलेली, तिच्या वरच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. इंडस्ट्रियलची डीबी×१ पूर्ण गोल. सुट्या सुया एकाच उशीत टोचून ठेवल्या की हे पाहायचं राहून जातं. सुया मूळ पाकिटातच ठेवाव्यात आणि पाकिटं नंबरवार, म्हणजे ११, १४, १६ अशी, पत्त्यांच्या डबीसारख्या अरुंद डबीत उभी करावीत. बहुतेक कामाला १४ नंबर, मलमल-शिफॉनला ११, जीन्सला १६. श्मेट्झ कंपनीच्या सुयांवर रंगाच्या पट्ट्या असतात. निळी जीन्सची, पिवळी ताणल्या जाणाऱ्या कापडाची. पण अर्धवट वापरलेल्या सुईवर किती काम झालं ते कुठलाच रंग सांगत नाही. त्यासाठी सुयांची उशी पेनाने तीन भागांत वाटून ११, १४, १६ लिहून घ्यावी आणि अर्धी वापरलेली सुई तिथेच टोचावी. बोथट सुईसाठी औषधाची रिकामी डबी ठेवावी. कचऱ्यात मोकळी सुई टाकली की ती घंटागाडीवाल्याच्या हाताला लागते.

दोऱ्यांचा स्टँड

लाकडी खुंट्यांचा भिंतीवरचा स्टँड हा शिवणखोलीचा दागिना, आणि याच्याबद्दल फार चांगलं बोलता येत नाही. रंग छान दिसतात, पण उघड्यावर दोऱ्यावर धूळ बसते, ती मशीनच्या टेन्शनच्या चकत्यांत जाते आणि तिथे तंतूंची गादी तयार होते. खिडकीसमोर असेल तर उन्हाने रंग उडतो, तोही फक्त बाहेरच्या थराचा. शिवताना मध्येच छटा बदलते. रोजचा काळा, पांढरा आणि मातकट हे दोऱ्याचे तीन मोठे कोन (शंकूसारखी रिळं) उघड्यावर चालतात, कारण ते लवकर संपतात. बाकीची छोटी रिळं तीन इंच उंचीच्या खणात आडवी ठेवावीत. उभी ठेवली तर वरून फक्त चकती दिसते, रंग नाही. रिळं घरंगळू नयेत म्हणून खणाच्या तळाला नालीदार पुठ्ठा, नालीची बाजू वर करून, चिकटवावा.

भोकांचा बोर्ड

आयकिया या फर्निचर कंपनीचं नवी मुंबईतलं तुर्भ्याचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडलं आणि त्यानंतर मुंबई-पुण्याच्या शिवणखोल्यांत 'स्कॉडिस' बोर्ड दिसू लागला. ३६, ५६ आणि ७६ सेंटीमीटर रुंदीत मिळतो, उंची ५६. भोकं गोल नसून उभी लांबट आहेत, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले साधे हुक त्यात बसत नाहीत. त्याच मालिकेचे हुक, डबे, क्लिपा घ्याव्या लागतात. बोर्डाच्या किमतीचा विचार करताना हा खर्च धरावा, कारण बोर्ड स्वस्त वाटतो आणि हुकांच्या पाकिटांनी बिल वाढतं.

कात्री, एल-स्केल, फ्रेंच कर्व्ह, ट्रेसिंग व्हील, भरतकामाच्या रिंगा, पट्ट्या यांना याच्यासारखी जागा नाही. या सपाट आणि लांब वस्तू खणात नेहमी आडव्या येतात. भिंतीवर एका थरात दिसतात. दहा इंची कापडाची कात्री बंद करून, दोन्ही कड्या हुकात घालून टांगावी. एकाच कडीने टांगली की पाती उघडतात. कागदाची कात्री वेगळ्या रंगाच्या फितीने ओळखू यावी, शक्यतो बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला. लाकडी रिंगेचा स्क्रू सैल करून टांगावा, घट्ट ठेवलेली रिंग हळूहळू वाकडी होते.

बोर्ड फायबरबोर्डचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा आहे. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाची झड बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तो लावू नये. ओल मागून आली की कडा फुगतात आणि एकदा फुगलेला फायबरबोर्ड पुन्हा सपाट होत नाही. आतल्या दोन खोल्यांमधली भिंत निवडावी. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडायला परवानगी नसेल तर चिकट पट्ट्यांवर भिस्त ठेवू नये. डिस्टेंपरच्या भिंतीवर पट्टी भिंतीला नव्हे, रंगाला चिकटते आणि कात्रीच्या वजनाने रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येते.

अशा घरांसाठी पर्याय आहे: पावडर कोटिंग केलेली लोखंडी जाळी. दुकानदार माल टांगायला वापरतात तीच. पडद्याच्या रॉडला किंवा कपाटाच्या बाजूला दोन मजबूत हुकांनी टांगता येते, 'एस' आकाराचे साधे हुक चालतात आणि पावसाचा त्रास नाही. कोटिंगचा टवका उडाला तर तिथे नेलपॉलिशचा थेंब लावावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. खरं तर स्वतःचं घर असणाऱ्यांनीही आधी जाळीचाच विचार करावा.

तीन कप्प्यांची ट्रॉली

आयकियाची 'रॉस्कोग' आणि तिच्या असंख्य नकला. मूळ ट्रॉली ३५ × ४५ सेंटीमीटर, उंची ७८. पोलादी, मधला कप्पा वर-खाली करता येणारा. जोडताना सगळे स्क्रू आधी हातानेच सैल बसवून घ्यावेत आणि सपाट फरशीवर उभी करून मगच एकेक आवळावेत. पहिलाच स्क्रू पूर्ण आवळला तर चौथं भोक जुळत नाही आणि ट्रॉली कायमची एका चाकावर लंगडते.

लोकर, क्रोशाचं चालू काम, ग्लू गन, रंगाच्या बाटल्या यांना ती उत्तम. सुट्या शिवणसामानाला नाही. कप्पे चांगले खोल आहेत, त्यामुळे तेच थरावर थर सुरू होतात, आणि जाळीदार तळातून टाचण्या गळतात. तळाला कापड अंथरून गळणं थांबतं, थर थांबत नाहीत. कप्प्यात उथळ ट्रे ठेवूनच वापरणार असाल तर घ्यावी. एका खोलीतून दुसरीत न्यायची असेल तर आधी उंबरा पाहावा. छोटी चाकं उंबऱ्याला अडतात आणि वरच्या कप्प्यातलं पुढे सांडतं. स्वस्त नकलांमध्ये पत्रा पातळ असतो. वरचा कप्पा दोन्ही बाजूंनी धरून पिळून पाहावा. सांगाडा कुरकुरला तर मशीन त्यावर ठेवायचा विचारही नको.

कापड: प्लास्टिकचे ड्रॉवर, साडी कव्हर आणि लोखंडी कपाट

पसाऱ्याचा मोठा भाग कापडाचा असतो, आणि इथे डब्यापेक्षा घडी महत्त्वाची. कापडं एकावर एक रचू नयेत, फायलींसारखी उभी लावावीत. ४४ इंच पन्ह्याचा मीटरभर तुकडा घ्या. पन्ह्यात दोनदा दुमडला की ११ इंच रुंदीची पट्टी होते. लांबीत तीन घड्या घालून पुन्हा एकदा दुमडली की साधारण ११ × साडेसहा इंचांचं पुडकं तयार होतं, सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर जाड. सातेक इंच उंच आणि बारा इंच रुंद खणात अशी पुडकी उभी बसतात आणि फूटभर लांबीत सुती वीसेक मावतात. घडीचा दुमडलेला काठ वर ठेवावा, म्हणजे रंग दिसतो आणि एक ओढताना शेजारचं उलगडत नाही. कुर्त्याचं अडीच मीटर कापडही याच मापात बसतं, फक्त जाड होतं.

या कामाला प्लास्टिकचा उभा ड्रॉवर स्टँड, जो मुलांच्या कपड्यांसाठी विकला जातो, अगदी योग्य. बटणांना त्याचे खण फार खोल, कापडाला बरोबर. वजनाचा हिशोब मात्र करावा. मध्यम पॉपलिनचा मीटरभर तुकडा सव्वाशे-एकशेतीस ग्रॅमचा असतो. वीस तुकडे म्हणजे अडीच किलोहून जास्त, आणि खणात तीन रांगा असतील तर आठ किलो. स्वस्त स्टँडचा तळ मध्ये झोल खातो, मग खण वरच्या पट्टीला घासतो आणि ओढताना आख्खा स्टँड पुढे येतो. दुकानात भरलेला खण पाहायला मिळत नाही, म्हणून रिकाम्या खणाच्या तळाला अंगठ्याने मध्यभागी दाबून पाहावं. तळाला आडव्या-उभ्या फासळ्या असलेला खण घ्यावा.

लाकडी दिसणारे उथळ ड्रॉवर, जसं आयकियाचं ३६ सेंटीमीटर रुंद 'अ‍ॅलेक्स', हे रिळं, चेन, लेस आणि कापड बेतायच्या कागदी साच्यांसाठी बाजारातल्या चांगल्या वस्तूंपैकी. महाग आहेत आणि बनावट पार्टिकलबोर्डची (दाबलेल्या लाकडी भुशाची) आहे, म्हणून रोज ओल्या फडक्याने फरशी पुसणाऱ्या घरात खालची कड जमिनीला टेकू देऊ नये. पाय किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या लावून उचलावं. ड्रॉवर मागे खोलवर जातात, तेव्हा मागच्या अर्ध्यात कमी लागणारं सामान छोट्या ट्रेमध्ये ठेवावं.

लोखंडी कपाट बहुतेक घरांत आधीच असतं आणि त्याची फळी साधारण दीड फूट खोल असते. पुढची रांग वापरात, मागची विस्मृतीत. नवी वस्तू न घेता हे सुटतं: सोळा-सतरा इंच लांबीचे अरुंद डबे घेऊन त्यांचं तोंड बाहेर ठेवून शेजारी-शेजारी लावावेत. डबा ओढला की मागचं कापडही पुढे येतं.

पारदर्शक साडी कव्हर कापडाच्या साठ्यासाठी टाळावीत. ओलसर हवेत आत दमटपणा कोंडला की बुरशीचे ठिपके येतात. जरीचं आणि रेशमाचं कापड जुन्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळावं आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, एकाच ठिकाणी घडी पडून जर तुटते. जरीच्या गुंडाळीला रबरबँड लावू नये, रबरातल्या गंधकाने चांदीची जर काळी पडते. डांबरगोळीही जरीला टेकू देऊ नये.

प्रत्येक पुडक्यात एक चिठ्ठी हवी: लांबी, पन्हा, आणि धुतलेलं आहे की नाही. यातली तिसरी गोष्ट सर्वांत कामाची. न धुतलेल्या सुती कापडाचं अस्तर लावलं की पहिल्या धुण्यात ते आटतं आणि ब्लाउज आतून ओढला जातो.

बुकरमची घडी घालू नये. ती इस्त्रीने पूर्ण जात नाही आणि कॉलरवर रेघ उमटते. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, चिकट बाजू आत ठेवून, उभं ठेवावं. पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावर मात्र नको, उन्हाळ्यात थर एकमेकांना धरू लागतात.

खाकी कागदाचे साचे

ए-४ आकाराचे खाकी पाकीट, एका साच्याला एक. वर नाव, छाती-कंबरेचं माप, तारीख आणि शिलाईसाठीचं मार्जिन धरलं आहे की नाही ते लिहावं. शेवटचं लिहिलं नसेल तर साचा निरुपयोगी; कारण पुढच्या वेळी मार्जिन दोनदा धरलं जातं किंवा एकदाही नाही. रोज लागणारे साचे क्लिपच्या पँट हॅंगरला लावले तर घडीही पडत नाही.

जाळीच्या झिप पिशव्या

अर्धवट कामांसाठी स्टेशनरीच्या दुकानातल्या ए-४ आकाराच्या जाळीदार झिप पिशव्या घ्याव्यात. हवा खेळते, आतलं दिसतं. झिपचा रनर धातूचा असेल तर पावसाळ्यात अडकतो, प्लास्टिकचा बरा. एका पिशवीत एकच काम: कापलेले भाग टाचणीने जोडलेले, त्याच दोऱ्याने भरलेली बॉबिन, हुक, अस्तर, मापाचा ब्लाउज आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर सुईचा नंबर, टाक्याची लांबी आणि पुढे काय करायचं आहे ते, म्हणजे 'डावी बाही लावायची, उजवी झाली' एवढं. गिऱ्हाईकाचं काम असेल तर देण्याची तारीख बाहेरच्या बाजूला, आणि उरलेलं कापड परत द्यायचं असेल तर तेही याच पिशवीत, घरच्या कातरणांत नाही.